सतरावा खिळा

१

तक्रार आधीच टाइप करून ठेवली होती. फक्त माझी सही राहिली होती, आणि तिच्यासाठी पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं.

"इथे, या रेघेवर," उद्यानाचे व्यवस्थापक म्हणाले. "चार वाजता फौजदार येतील. घरच्या माणसाची सही असली की ते राखणदाराला आजच घेऊन जातात. असल्या माणसाला सोडायचं नाही, मॅडम."

सोडायचं नाही हे मीही ठरवूनच आले होते. सहा तासांच्या प्रवासात दुसरा विचार केला नव्हता.

गेली होती माझी थोरली बहीण. भूगोलाची निवृत्त शिक्षिका, वय एकोणसत्तर, गुडघे माझ्यापेक्षा धड. डोंगराच्या कुशीतल्या या छोट्या उद्यानात ती दर रविवारी यायची. उद्यान म्हणजे काय, तर एक फाटक, ओढ्याकाठची हिरवळ, हिरवळीवर अकरा लाकडी टेबलं आणि माथ्यावर जाणारी पाच वळणांची पायवाट. बहुतेक लोक डबे घेऊन येतात, टेबलाशी बसून खातात, मुलांना ओढ्यात भिजवतात आणि घरी जातात. वर चढणारे थोडे. ताई त्या थोड्यांतली.

त्या रविवारी तिसऱ्या वळणावर तिचा पाय घसरला आणि घोटा मोडला. घोटा मोडून कुणी मरत नाही. ती पडली दुपारी साडेचारच्या सुमाराला, आणि गेली पहाटे तीन-चारला, थंडीने, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिथे फोन लागत नाही. म्हणजे अकरा तास ती नुसती वाट बघत बसली होती.

वाट बघत होती हे मला पक्कं माहीत आहे, कारण तिला ते मीच शिकवलं होतं. "पडलीस तर जागची हलू नकोस. सहाच्या आत माणसं वर येतील."

मी तीस वर्षं खाणींची सुरक्षा निरीक्षक होते. खाणीत उतरणारा प्रत्येक जण भिंतीवरून आपल्या नंबरचा बिल्ला काढून घेतो आणि वर आला की परत लावतो. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून आत. चार वर्षांपूर्वी ताईच्या हट्टाखातर मी हीच पद्धत या उद्यानाला लावून दिली. फाटकाजवळच्या खोलीत चाळीस खिळ्यांची पाटी, चाळीस पितळी बिल्ले, आणि खाली माझ्याच हाताने रंगवलेला नियम: साडेपाचला एक जरी खिळा रिकामा दिसला तर घंटा वाजवायची आणि सगळ्या कर्मचाऱ्यांनी बॅटऱ्या घेऊन वर जायचं. पाटी भरलेली असेल तर फाटक बंद.

ताईचा सतरा नंबरचा बिल्ला तिच्या जाकिटाच्या खिशात सापडला. सोमवारी सकाळी फौजदारांनी पाहिलं तेव्हा पाटीवर सतरावा खिळा रिकामा होता. तरीही राखणदाराने रविवारी घंटा वाजवली नाही, फाटकाला कुलूप ठोकलं आणि घरी गेला. वर म्हणतो, पाटी भरलेली होती.

"आम्ही सगळे त्यांना सतरा नंबरच्या ताईच म्हणायचो," व्यवस्थापक डोळ्याला रुमाल लावत म्हणाले. "दुसरा बिल्ला हातात घ्यायच्या नाहीत. चार वर्षांत परत लावायला एकदा विसरल्या नाहीत. मी लोकांना त्यांचं उदाहरण द्यायचो."

मी पेन उचललं आणि परत ठेवलं. जागा बघितल्याशिवाय मी आयुष्यात कुठल्याही कागदावर सही केली नव्हती, आणि मालक लोकांनी आयते टाइप करून आणलेले कागद तर मी खूपच पाहिले होते.

"आधी त्या माणसाला बघते," मी म्हणाले.

"कशाला त्रास करून घेता?"

"सवय आहे," मी म्हणाले आणि कागद पर्समध्ये टाकला.

२

राखणदाराला सगळे भोंगा म्हणतात. फाटक बंद करायच्या आधी तो पहिल्या वळणापर्यंत जातो आणि तोंडाभोवती हात धरून "उतरा होऽ" अशी हाक देतो. पन्नाशीचा माणूस, पंजे फावड्यासारखे. पाटीखालच्या स्टुलावर बसला होता. मला बघून उठला, पण हात जोडले नाहीत की डोळे पुसले नाहीत.

"सही करायची तर करा, बाई," तो म्हणाला. "मी रडून दाखवणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी बहीण अकरा तास तिथे बसली होती. तुम्ही घरी जाऊन जेवलात."

"जेवलो," तो म्हणाला. "नाही म्हणत नाही. पण खोटं बोलणार नाही. पाटी भरलेली होती."

"सतरावा बिल्ला तिच्या खिशात होता."

"असेल. तरी पाटी भरलेली होती."

मी स्टूल ओढून बसले. खाणीत मी खोटं बोलणारे शेकड्यांनी पाहिले. ते विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतात. हा विचारलं तेवढंही सांगत नव्हता. म्हटलं, पहिल्यापासून सांगा, घड्याळ धरून.

त्याने सांगितलं ते असं. पाच वाजता त्याने पाटी बघितली. एकच खिळा रिकामा, सतरावा. ताई वर आहेत हे त्याला ठाऊक होतं. तो नेहमीप्रमाणे पहिल्या वळणापर्यंत गेला, तीन हाका दिल्या. ओढ्याला पाणी जास्त होतं, वरून काही ऐकू आलं नाही. साडेपाचला परत आला तर पाटी भरलेली.

"मला वाटलं, ओढ्याच्या बाजूच्या आडवाटेने उतरल्या असतील. मी वर असताना आल्या, बिल्ला लावला आणि बस गाठली."

"नंबर वाचलात?"

"नंबर वाचत नाही. हात फिरवतो." त्याने पंजा पसरून पहिल्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे नेला. दहा बिल्ले एकापाठोपाठ खणखणले. "दहा-दहाच्या चार ओळी. खिळा रिकामा असला की हात अडखळतो. त्या दिवशी अडखळला नाही. फक्त दुसऱ्या ओळीत एक बोबडा वाजला."

"बोबडा म्हणजे?"

"ऐका." त्याने परत हात फिरवला. पाचव्या बिल्ल्याशी खणखणाट एकदम बसला, पत्र्याच्या डबीवर टिचकी मारावी तसा. "हा पाच नंबर. तिसऱ्या ओळीत तेवीस, चौथीत एकतीस. हे तीन बोबडे माझ्या ओळखीचे. लोक आठवण म्हणून बिल्ले खिशात घालून नेतात, मग साहेब ऑफिसातून नवीन देतात. नवीन अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, त्यांना आवाज नाही. पण दुसऱ्या ओळीत बोबडा कधीच नव्हता. रविवारी होता."

"हे फौजदारांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, आवाजाची साक्ष कोण लिहून घेतो."

मी उठून स्वतः चारही ओळींवरून हात फिरवला. तीन बोबडे, दुसऱ्या ओळीत सातव्या जागी बोट रिकाम्या खिळ्यावर आदळलं. हात मागे घेतला तर बोटं काळी झाली होती. आधीच डोकं फिरलेलं, त्यात हे. मी भिंतीला बोटं पुसली.

"ग्रीस आहे," भोंगा म्हणाला. "खिळ्यांना गंज धरत होता. रविवारी पहाटेच लावलं, पहिल्यांदाच. जरा जास्त झालं."

मी दाराशी पोचले तेव्हा तो मागून म्हणाला, "माझं मन सांगत होतं, वर जा. दर वेळी उतरल्यावर त्या मला हाक मारायच्या, 'भोंगेराव, आले हो.' त्या दिवशी हाक नव्हती. मी दहा मिनिटं इथेच उभा होतो. मन सांगत होतं वर जा, पाटी सांगत होती घरी जा. पाटी तुम्ही लिहिलेली."

मी बाहेर आले. तो खरं बोलत असेल तर पाच ते साडेपाचच्या मध्ये कुणीतरी सतराव्या खिळ्यावर काहीतरी अडकवलं होतं, आणि सोमवारी फौजदार यायच्या आत ते काढूनही घेतलं होतं.

३

चहावाल्याची टपरी खोलीच्या मागच्या भिंतीला लागून आहे. तो कपबशा विसळत होता आणि विसळता विसळता कुरकुरत होता. हा माणूस झोपेतही कुरकुरत असणार.

"रविवारी पाच ते साडेपाच कुठे होता?" मी विचारलं.

"इथेच, नळाशी. पाठ खोलीकडे. सगळ्या कपांना काळी बोटं लागलेली, कुणाकुणाची घासू? वर जाणारा प्रत्येक जण त्या पाटीला हात लावून येतो आणि माझा कप धरतो. मी भोंग्याला म्हटलं, बाबा, ग्रीस खिळ्याला लावतात, गिऱ्हाइकाला नाही."

"खोलीत कुणी शिरलं?"

"पाठीला डोळे नाहीत मला." मग जरा नरमून म्हणाला, "भोंगा हाका मारायला गेला, परत आला. मी पाच चाळीसची शेवटची बस पकडली. घंटा वाजली असती तर माझीही बस गेली असती, ते कबूल करतो. या हंगामात तीनदा घंटा झाली. तिन्ही वेळा वर चिटपाखरू नव्हतं, लोक बिल्ले घेऊन घरी गेलेले. आम्ही मात्र अंधारात ठेचा खात फिरलो. लांडगा आला रे आला, दुसरं काय. तिसऱ्या वेळेला साहेब एवढे भडकले की विचारू नका. म्हणाले, पुन्हा फुकटची घंटा झाली तर भोंग्याला घरी बसवतो."

"साहेब त्या वेळी कुठे होते?"

"क्वार्टरमध्ये. सामना होता ना. टीव्ही इतका मोठा की मला इथे नळाशी स्कोअर कळत होता. पाच वाजल्यापासून मी निघेपर्यंत चालूच होता."

मी क्वार्टरकडे पाहिलं. खोलीपासून पन्नास पावलं, मध्ये एक झाडांची रांग. टीव्ही चालू होता म्हणजे टीव्हीवाला समोर बसलेला होता, असं मानायला मी काही काल जन्मले नव्हते. पण एवढ्यावर कुणाला धरताही येत नव्हतं. चहावाल्याला बस हवी होती, साहेबांना सामना हवा होता, आणि भोंग्याला कामावरून जायचं नव्हतं. घंटा तिघांनाही नकोच होती.

तिकीट खिडकीवालीकडे गेले. तिच्या नाकाचा शेंडा रडून लाल झाला होता. ताई तिच्या मुलीला भूगोल शिकवायला रविवारी अर्धा तास आधी यायची, हे मला तिच्याकडूनच कळलं. माझ्या बहिणीने ते मला कधी सांगितलं नव्हतं.

"मी साडेचारच्या बसने गेले," ती म्हणाली. "चहावाल्या दादांनी मला चढताना बघितलंय. मी तेव्हा पाटीही बघितली होती, सतरा रिकामा होता. मनात म्हटलं, आज ताईंना उशीर झाला."

"नवीन बिल्ले कुठे असतात?"

"ऑफिसात, बिस्किटांच्या डब्यात. साहेबांच्या टेबलाच्या खणात. खणाला कुलूप असतं. एक किल्ली साहेबांकडे, एक माझ्याकडे." तिने गळ्यातली दोरी दाखवली. किल्ली तिथे होती. "मी घरी नेते रोज."

"डब्यात किती आहेत?"

"सदतीस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हरवले तीन, केले तीन, तर डबा रिकामा असायला हवा होता.

"सदतीस कसे?"

"कारखान्यावाला सुटे बनवत नाही, म्हणून साहेबांनी सगळा संचच करून घेतला, एक ते चाळीस. तीन लागले, बाकीचे तसेच आहेत."

म्हणजे जगात सतरा नंबरचे दोन बिल्ले होते.

४

मी ओढ्याकाठच्या टेबलाशी जाऊन बसले. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब उकडलेली अंडी सोलत होतं आणि टरफलं गवतात टाकत होतं. एरवी मी उठून त्यांना ऐकवलं असतं.

ठाण्यातून मिळालेली ताईची पिशवी मी अजून उघडली नव्हती. उघडली. थर्मास, चष्मा, काकडीच्या सँडविचचा अर्धा तुकडा. तो तिने परत कागदात नीट गुंडाळून ठेवला होता. माणसं यायला उशीर झाला तर असू दे, म्हणून. तो कागद बघून मला इतका संताप आला की टेबलावर मूठ आपटली, आणि अंडीवाल्या कुटुंबाने टरफलं गोळा करायला सुरुवात केली.

मग पितळी बिल्ला. सतरा. चार वर्षांत तिच्या अंगठ्याने आकड्याची कडा गुळगुळीत झाली होती. वर खिळ्यासाठी भोक, आणि भोकाच्या आत काळं. शेवटी रुमाल. पांढऱ्या रुमालावर दोन बोटांचे काळे ठसे होते. रविवारी दुपारी बिल्ला काढताना तिचीही बोटं भरली होती आणि तिने ती पुसली होती, जशी मी भिंतीला पुसली.

मी आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडेला अजून काळं होतं.

मग ठाण्यात पिशवी देताना सांगितलेलं सगळं घड्याळ धरून आठवलं. सोमवारी भोंगा उजाडताच वर गेला आणि साडेसहाला त्याला ताई सापडली. तो धावत खाली आला, व्यवस्थापकांना उठवलं, पांघरूण घेऊन परत वर गेला. खोली उघडीच राहिली. चहावाला आणि खिडकीवाली आठच्या बसने आले, आणि त्याच वेळेला फौजदार. दीड तास खाली एकच माणूस होता.

पण हे सगळं अंदाजाने. अंदाजावर मी कधी खाण बंद केली नव्हती, मग माणसाला काय बंद करणार? मला हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि ते असलं तर एकाच जागी असणार होतं.

पावणेचार झाले होते. मी खिडकीवालीला म्हटलं, सगळ्यांना ऑफिसात बोलाव.

५

फौजदार वेळेवर आले. चष्मा कपाळावर, घाई डोळ्यांत. भोंगा दाराशी उभा राहिला, चहावाला खिडकीशी. खिडकीवाली कोपऱ्यात. व्यवस्थापक आपल्या खुर्चीवर.

"सही झाली का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"करते. एकच शंका आहे. तुमच्याकडे जादा बिल्ले आहेत म्हणे."

"आहेत ना." ते जराही दचकले नाहीत. खण उघडून त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "सदतीस. मोजून घ्या. सतराही त्यातच आहे, मला माहितेय तुम्ही काय विचारणार ते. भोंग्याने तुम्हालाही ती बोबड्या आवाजाची गोष्ट सांगितली असेल."

"डबा शेवटचा कधी उघडला होता?"

"दोन महिने झाले. एकतीस नंबर हरवला तेव्हा. त्यानंतर खणाला हात लावलेला नाही."

"नक्की?"

"लिहून देतो."

"मॅडम," फौजदार म्हणाले, "हे कुठे चाललंय?"

"पाच मिनिटं द्या," मी म्हणाले. पर्समधून तक्रारीचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि डबा त्याच्यावर उपडा केला. सदतीस बिल्ले, नवे, चकचकीत. मग कागदाचा एक कोपरा फाडला, बारीक पीळ दिला आणि पहिल्या बिल्ल्याच्या भोकातून ओढला. पांढराच बाहेर आला. दुसऱ्यातून ओढला. पांढराच. चहावाल्याने जांभई दिली. मी एकेक बिल्ला उचलत गेले. व्यवस्थापक पहिल्यांदा हसत होते, मग बघत होते, मग त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

सतरा नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो बाहेरून स्वच्छ पुसलेला होता, बाकीच्यांहून जास्तच. पीळ भोकातून ओढला तो काळा झाला.

मी तो पीळ ताईच्या रुमालाशेजारी ठेवला आणि फौजदारांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"खिळ्यांना ग्रीस लागलं रविवारी पहाटे," मी म्हणाले. "त्याच्या आधी कधीच नाही. त्या दिवशी पाटीला ज्याने हात लावला त्याची बोटं काळी झाली, या दादांना विचारा."

"सगळ्या कपांना," चहावाला म्हणाला. त्याची जांभई अर्ध्यात राहिली होती.

"जो बिल्ला दोन महिने कुलपात आहे त्याच्या भोकात रविवारचं ग्रीस कसं आलं? तो ग्रीस लागल्यानंतर खिळ्यावर होता म्हणून आलं. पाच वाजता खिळा रिकामा होता, साडेपाचला भरला. खणाच्या दोन किल्ल्या. एक साडेचारच्या बसने गेली. दुसरी कुठे होती?"

व्यवस्थापकांनी ग्लास खाली ठेवला. पाणी सांडलं आणि तक्रारीच्या कागदावर पसरलं.

"मॅडम, तुम्ही गैरसमज करून घेताय," ते म्हणाले. मग थांबले. खिडकीवाली त्यांच्याकडे बघत होती. मला वाटतं, तिच्या बघण्यानेच ते ढासळले. "मला काय माहीत. तीनदा तसंच झालं होतं. कुणीतरी खिशात घालून नेतं आणि आम्ही रात्रभर डोंगर धुंडाळतो. मला वाटलं, हा चौथा. म्हणून लावला. मी काही कुणाला मारायला लावला नाही."

"कुणाचा आहे, ते बघितलं नाहीत?"

"नाही. घाईत होतो. नंबर कोण बघतं?"

मी ज्या वाक्यासाठी थांबले होते ते हेच होतं. चोर कोण, ते मला कळलं होतं. किती मोठा, ते अजून माहीत नव्हतं.

"डब्यात सदतीस बिल्ले होते," मी म्हणाले. "त्यातून सतरा तुमच्या हाताला आपोआप चिकटला का? तुम्ही पाटीवर नंबर वाचलात, चालत इथे ऑफिसात आलात, डबा उघडून सदतीसातून सतरा शोधलात, परत गेलात आणि लावलात. आणि सतरा कुणाचा, ते मघाशी तुम्हीच मला सांगितलंत. चार वर्षांत परत लावायला एकदाही विसरल्या नाहीत, असं म्हणालात. रुमाल डोळ्याला लावून म्हणालात. जी कधी विसरत नाही तिचा खिळा रिकामा आहे, म्हणजे ती वर आहे. हे तुम्हाला कळलं होतं."

ते टेबलाकडे बघत राहिले. "मला वाटलं, उतरत असतील," ते हळू म्हणाले. "पाच-दहा मिनिटांत येतील. उगाच घंटा झाली असती, सगळे वर पळाले असते, आणि त्या वाटेतच भेटल्या असत्या. आल्या की हसतील, असं वाटलं."

"मग दहा मिनिटांनी बघायला का आला नाहीत?"

ते बोटाने सांडलेलं पाणी पुसू लागले.

"का आला नाहीत?"

"सामना बरोबरीत गेला," ते म्हणाले. "जादा वेळ दिला."

भोंग्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तो दोन पावलं पुढे आला आणि फौजदार मध्ये उभे राहिले. मला मध्ये कुणी उभं राहिलेलं नको होतं. मी आजवर कुणावर हात उचललेला नाही, पण त्या दिवशी तो टेबलाच्या कडेला घट्ट धरून ठेवावा लागला.

"आणि सोमवारी," मी म्हणाले, "हा माणूस ओरडत आला, तेव्हा तुम्ही आधी कुठे गेलात? फोनकडे की पाटीकडे?"

उत्तराची गरज नव्हती. एक बाई मेली ती आळसाने मेली, हे एक वेळ गिळता आलं असतं. पण त्या आळसाचं खापर याने अशा माणसाच्या डोक्यावर फोडलं होतं, जो तीन हाका मारून आला होता. तक्रारही मायन्यासकट टाइप करून ठेवली होती.

फौजदारांनी ओला कागद टेबलावरून उचलला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती, एक कोपरा फाटलेला.

"यावर चालेल?" मी विचारलं.

"चालेल," ते म्हणाले. मी हाताने लिहिलं, आणि सही केली.

६

व्यवस्थापकांना घेऊन गाडी गेली तेव्हा पाच वाजत आले होते. हिरवळीवरचे लोक टोपल्या भरून फाटकाकडे निघाले होते. भोंगा खोलीत आला, पाटीसमोर उभा राहिला. मी ताईचा पितळी बिल्ला सतराव्या खिळ्यावर लावला. त्याने दुसऱ्या ओळीवरून हात फिरवला. सगळे स्वच्छ वाजले.

माझा राग उतरायला हवा होता. उतरला नाही. गुन्हेगार सापडला की डोकं शांत होतं, हे मी लोकांना तीस वर्षं सांगत आले. पण समोर भिंतीवर माझं अक्षर होतं. पाटी भरलेली असेल तर फाटक बंद. खाली माझी सही, तारखेसकट.

"तुम्ही तेव्हा काय म्हणाला होता?" मी भोंग्याला विचारलं. "चार वर्षांपूर्वी, मी ही पाटी लावत होते तेव्हा."

"कशाला आता ते, बाई?"

"म्हणा."

"म्हणालो होतो, बिल्ला खिळ्यावर नको, माझ्या हातात द्यायला सांगा. म्हणजे कोण आलं ते मला तोंड बघून कळेल."

"आणि मी काय म्हणाले?"

"तुम्ही म्हणालात, माणसं विसरतात. खिळे विसरत नाहीत."

होय, असंच म्हणाले होते. वर हसलेही होते, आणि शेजारी उभी असलेली ताई मला म्हणाली होती, "अगं, त्याचं ऐकून तरी घे." मी ऐकलं नव्हतं. मला खाणींचा तीस वर्षांचा अनुभव होता आणि तो फाटकावरचा माणूस होता.

कोपऱ्यात रंगाचा डबा होता, फाटकाच्या हिरव्या रंगाचा. मी ब्रश घेतला आणि आपल्या सगळ्या ओळींवर फासला, सहीवर दोनदा. रंग वाळायची वाट न बघता खाली खडूने लिहिलं: बिल्ला राखणदाराच्या हातात द्यावा.

"एक बिल्ला द्या," मी म्हणाले. "तिसऱ्या वळणापर्यंत जाऊन येते."

"आता? अंधार पडेल, बाई."

"तुम्ही आहात ना खाली."

त्याने पाटीकडे पाहिलं, सतरा सोडून अठरा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याची बोटं काळी होती, माझीही झाली. पहिल्या वळणाशी पोचले तेव्हा मागून त्याची हाक आली. मी वळून मोठ्याने ओ दिली, आणि त्याला ऐकू गेली की नाही याची खात्री नव्हती, म्हणून परत एकदा दिली.